फ्लेक्सवरच्या सासूबाई

९ नोव्हेंबर २०२५, देवास

ही डायरी मी मोनाच्या सांगण्यावरून लिहायला घेतली आहे. मोना म्हणजे आमच्या कार्यक्रमाची इव्हेंटवाली, इंदूरची, फार चटपटीत पोरगी. म्हणाली, "आंटी, रोज थोडं थोडं लिहा. नंतर फोटोंबरोबर छापू, एकदम इमोशनल वाटतं." तेव्हा इमोशनल लिहायचं आहे.

सासूबाईंना, म्हणजे आईंना, एक्क्याऐंशीवं लागलं. हजार पौर्णिमा पाहून झाल्या की आपल्यात सहस्रचंद्रदर्शन करतात. होम, शांत आणि जितकी वर्षं तितक्या दिव्यांनी ओवाळणं. देवासच्या आमच्या मराठी मंडळींत आजवर हे सगळं वरण-भात-जिलबीवर उरकलं गेलं. मी तसं करणार नाही. ७ डिसेंबर, रविवार, बायपासचं मॅरेज गार्डन, तीनशे माणूस, ड्रोन, आणि स्टेजमागे बारा फुटी चंद्र.

आमचे हे, श्रीपाद, बँकेत आहेत आणि बोलतात मोजकं. म्हणाले, "आईला विचारलंस का?" मी म्हटलं, त्यांच्यासाठीच तर करतेय, त्यांना काय विचारायचं?

१४ नोव्हेंबर

आज मला जो धक्का बसला तो छापायच्या डायरीत लिहावा की नाही कळत नाही. लिहिते, मग पान फाडता येईल.

पार्लरमध्ये शिखा माझ्या भुवया करत होती. मध्येच थांबून म्हणाली, "दीदी, ये आपकी आरोही है ना?" आणि मोबाइल माझ्या नाकाशी धरला. देवीच्या टेकरीखालचं पार्किंग. दहा-बारा पोरं गोल करून उभी, एकजण तोंडाने धडधड वाजवतोय, आणि मधोमध टोपीचा काळा स्वेटर घातलेली माझी बी.कॉम.ची मुलगी हात फेकत म्हणतेय:

"चौराहे पे फ्लेक्स लगा है, हाथ जोड़े सब खड़े,
फोटो में जो भैया हँसते, घर में माँ से लड़े!"

माझी एक भुवई झाली होती, एक व्हायची होती. तशीच उठून घरी आले.

आरोहीला विचारलं तर शांतपणे म्हणाली, "हिपहॉप आहे मम्मी. दोन साल से कर रही हूँ." दोन वर्षं! मी समजत होते ती लायब्ररीत जाते. मी म्हटलं, हे शिव्या देणाऱ्यांचं, गळ्यात साखळदंड घालणाऱ्यांचं काम आहे. तर म्हणाली, "तसले पण असतात. त्यांचं पण सगळं दिखाव्याचंच. पण आमच्या गोलात ना, जे जगलो नाही ते बोललं तर समोरचा दोन मिनटात उतरवून टाकतो. तिथे फिल्टर नाही चालत."

मी विचारलं, तो फ्लेक्सवाला भैया कोण? कुणी ओळखीचा असला तर? ती म्हणाली, "सगळेच ओळखीचे आहेत मम्मी."

आई आतल्या खोलीतून हाक मारून म्हणाल्या, "काय म्हणते गे पोर? मलाही ऐकव."

१९ नोव्हेंबर

मोनाला भीत भीत आरोहीचं सांगितलं. वाटलं, ती नाक मुरडेल. उलट ती खुर्चीतून उठलीच. "आंटी! नात आजीसाठी रॅप करणार! ये तो ट्रेंड करेगा!" मग मलाही पटलं. कला ती कला. लावणी नाही का आपण मंचावर बघत?

आरोही आधी नाही म्हणाली. मी डोळ्यांत पाणी आणलं तेव्हा म्हणाली, "करते. पण मी जे लिहीन ते लिहीन." मी तिला मुद्दे लिहून दिले: मंडळाच्या अध्यक्षांचं नाव, कॅटरर, सोनकच्छचे पाहुणे, हॅशटॅग. एकूण चौदा मुद्दे. तिने कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाली, "थँक्यू."

२४ नोव्हेंबर

फ्लेक्स आले. आईंचा फोटो मोनाच्या माणसाने इतका सुरेख केला आहे की पन्नाशीच्या दिसतात. एकही सुरकुती नाही. मी आईंना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "ही कोण?"

नंतर परत तेच. "लतिका, मला एकदा धारला ने गं. जानकीचं काही खरं नाही."

जानकीमावशी म्हणजे आईंची धाकटी बहीण. धारला मुलाकडे, दीपेशभाऊजींकडे असतात. दिवाळीपासून ऑक्सिजनवर आहेत. मलाही वाईट वाटतं, मी काही दगड नाही. पण आता मापं द्यायची आहेत, व्हिडिओवाल्यांचं शूट आहे, आणि इथून धार म्हणजे जाऊन-येऊन पूर्ण दिवस. प्रवासाने चेहरा सुजला तर? मी म्हटलं, "आई, कार्यक्रम झाला की लगेच आठ तारखेला जाऊ. शालू नेसूनच जा, मावशींना दाखवा."

"तेवढे दिवस तिच्याकडे आहेत का?" आई म्हणाल्या.

मी म्हटलं, असं अभद्र बोलू नये.

२८ नोव्हेंबर

आरोही आणि आई रोज दुपारी दार लावून बसतात. आतून पलंगावर थापा मारल्याचा आवाज येतो. मला वाटलं, मालिश चाललंय. आज डोकावले तर आई मांडीवर ताल धरून जुन्या दळणाच्या ओव्या म्हणत होत्या आणि आरोही मोबाइलवर उतरवून घेत होती, इंग्रजी अक्षरांत! मुलीला मराठी नीट लिहिता येत नाही, ही माझीच चूक. आई म्हणत होत्या, "अगं, शेवटचा शब्द जुळायला हवा, नाहीतर जातं अडखळतं."

मला बघून दोघी गप्प झाल्या. सरप्राइज असेल.

१ डिसेंबर

आजचा दिवस नुसता धावपळीचा. सकाळी साडेदहाला दीपेशभाऊजींचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाले, "वहिनी, अम्मा आज सुबह से ठीक बोलतेय. ताईला दाखवा म्हणतेय. जरा मोठ्या मावशीला फोन द्या ना, श्रीपादभिया तर बँकेत असतील."

आई नुकत्याच उठून बसल्या होत्या. काल केसांना रंग लावायच्या आधीचं तेल चोपडलेलं, सगळे केस चिकटून उभे, अंगात तो विटका स्वेटर. पलीकडे भाऊजींची सून, शेजारच्या चार बायका. म्हणतील, देवासचे लोक म्हातारीला असं ठेवतात आणि ड्रोन उडवतात. मी म्हटलं, "भाऊजी, आत्ता नको, आई कशा तरीच दिसताहेत. केस विंचरते, नीट बसवते, संध्याकाळी मीच लावते."

"दो मिनट का काम है वहिनी," ते म्हणाले.

"दोनच मिनिटं आहेत तर चांगली दिसू देत की," मी म्हटलं.

आरोही दारात उभी होती, कॉलेजला निघालेली. निघालीच नाही, उभीच राहिली.

संध्याकाळी सहाला मी आईंना मोतिया रंगाची साडी नेसवली, केस विंचरले, पावडर लावली आणि कॉल केला. भाऊजींनी उचलला नाही. मग मेसेज आला की मावशी दुपारपासून शुद्धीत नाहीत. आईंना म्हटलं, नेटवर्क नाही. आई साडी न बदलता आठपर्यंत तशाच बसून होत्या.

२ डिसेंबर

जानकीमावशी गेल्या. दुपारी अडीचला.

मी ओट्याला धरून उभी राहिले. खरंच खूप रडले. हे बँकेतून आले. आम्ही दोघं स्वयंपाकघरात दार लावून बोललो. आईंना सांगितलं तर त्या उठून धारला जातील, तेराव्यापर्यंत हलणार नाहीत. मग रविवारी तीनशे माणसं येऊन कोणाला ओवाळतील? चंद्राला?

मी गुरुजींना फोन केला. आपल्याबद्दल आहे असं नाही म्हटलं, ओळखीतल्या एका बाईंचं म्हणून विचारलं. लग्न झालेल्या बहिणींना एकमेकींचं सुतक दीड दिवसाचं, आणि तेही कळल्यापासून. म्हणजे कळलंच नाही तर लागतच नाही. मला जरा बरं वाटलं. आपण काही शास्त्राबाहेरचं करत नाही आहोत. आई रविवारी आनंदाने ओवाळून घेतील, सोमवारी मी स्वतः सांगेन.

हे म्हणाले, "लतिका, मला हे बरोबर वाटत नाही." पण सुचवलं दुसरं काहीच नाही. आरोहीला शपथ घातली. त्या मुलीचं गप्प बसणं मला तिच्या गाण्यापेक्षा जड जातं.

३ डिसेंबर

हे पहाटेच धारला गेले. आईंना सांगितलं, ऑडिटला जातोय. संध्याकाळी परतले ते घरात न शिरता अंगणातल्या नळावर कपड्यांसकट आंघोळ केली. देवासची डिसेंबरची थंडी आणि बादलीचं पाणी! मी टॉवेल घेऊन धावले. आई खिडकीत बसल्या होत्या. मी हसून म्हटलं, "बघा ना आई, गाडी चिखलात फसली यांची."

"हो का," आई म्हणाल्या.

दिवेलागणीला मी त्यांना हाक मारली. देवाजवळचा दिवा चाळीस वर्षं त्याच लावतात, तापात सुद्धा. आज म्हणाल्या, "आज तू लाव." थकल्या असतील. रात्री जेवताना गोड वाढलं ते बाजूला सारलं.

४ डिसेंबर

आईंनी आज गरम पाणी न घेता डोक्यावरून आंघोळ केली. आज न्हायचा वार नाही, काही नाही. काल शिखाने सगळा रंग बसवलेला. मी चिडले. "आई, तीन दिवसांवर कार्यक्रम आणि तुम्ही हे काय चालवलंय?" त्या पदराने केस पुसत म्हणाल्या, "राहवलंच नाही गं मला."

दुपारी मेंदीवाली आली. आधी हात पुढे करेनात. मी लाडीगोडी लावली, "आई, एकदाच तर आहे." मग एक हात दिला. मी त्यांच्या गालाला गाल लावून सेल्फी घेतला. दोघी हसतोय. छान आलाय.

आरोहीने विचारलं, "मम्मी, सुतक को हिंदी में क्या बोलते हैं?" मी दार लोटलं. म्हटलं, "हळू बोल!" तर म्हणाली, "का? ज्याला माहीत नाही त्याला तर लागत नाही ना?"

५ डिसेंबर

आज सकाळी आई परत न्हाल्या, आणि स्वतःच देवाजवळ जाऊन बसल्या. दिवा लावला. जिवात जीव आला. रुसवा गेला म्हणायचा.

८ डिसेंबर, सकाळी

काल जे झालं ते मी जसं झालं तसं लिहिणार आहे. छापायचं-बिपायचं काही नाही आता.

होम उत्तम झाला. अडीचशेच्या वर माणसं आली, अगदी बागलीहून सुद्धा. आई चंद्राखाली सिंहासनावर बसल्या होत्या. मोनाने माइकवर सांगितलं, "और अब, दादी के लिए, पोती का रॅप!" आरोही आली ती त्याच काळ्या स्वेटरमध्ये. मी शिवून घेतलेला घागरा घरीच. मी डोळे वटारले, पण ड्रोन माझ्यावर होता म्हणून हसले. तिने चौदा मुद्द्यांचा कागद खिशातून काढून स्टेजच्या कडेला ठेवला आणि सुरू केलं, मराठीत. मागे एक पोरगा तोंडाने ताल देत होता.

"माझं नाव सुभद्रा, वय एक्क्याऐंशी खरं,
फ्लेक्सवरती बसली कोणी, तिचं रूप बरं!
सुरकुत्या पुसल्या माझ्या, फोटो केला साफ,
त्याच सुरकुत्यांत होते माझे आई-बाप!"

लोक खो खो हसले. मीही टाळ्या वाजवल्या, ठेक्यावर मान हलवली. किती धीट मुलगी, असं मनात म्हटलं. खरं सांगायचं तर शब्दांकडे माझं लक्षच नव्हतं, मी ड्रोन कुठे आहे ते पाहत होते.

"हजार चंद्र पाहिले म्हणून झगमगाट केला,
एक बहीण बघायची होती, तोच दिवस गेला.
फोन आला धारहून, ती म्हणाली, दाखवा ताई!
उत्तर गेलं, केस विंचरते, थांबा, कसली घाई?"

माझे हात टाळीच्या मध्येच राहिले. हसणं थांबत थांबत मागच्या रांगेपर्यंत थांबलं. आरोही माझ्याकडे पाहत नव्हती. ती आजीकडे पाहत होती, आणि आई सिंहासनावर बसून मांडीवर ताल धरत होत्या.

"एका उशीवर झोपलो आम्ही, एकीच्या उवा दुसरीला,
न विंचरलेलीच ठाऊक होते मी माझ्या बहिणीला.
मंगळवारी गेली ती, घरात कुणी न सांगे,
मीही हसले फोटोत तुमच्या, रडू ठेवून मागे."

एवढंच. ती माइक ठेवून आजीच्या पायाशी जाऊन बसली आणि ढसाढसा रडायला लागली. कोणीही टाळी वाजवली नाही. मला वाटलं, आत्ता इथे जमीन दुभंगली तर बरं. त्यांना माहीत होतं! बुधवारपासून! मेंदीच्या वेळी, सेल्फीच्या वेळी, त्या माझ्या गालाला गाल लावून बसल्या होत्या आणि त्यांना माहीत होतं.

गुरुजी उभे राहिले. "सुभद्राबाई, मग सुतक?"

आईंनी माइक मागून घेतला. "श्रीपाद नळावर न्हाला तेव्हाच उमजलं. मग पोरीला विचारलं, तिला खोटं बोलता आलं नाही. दीड दिवस मी पाळलंय, सुतक शुक्रवारी फिटलं. माणसं लांबून आली आहेत, उपाशी जाऊ नयेत. सूनबाई, ओवाळ."

एक्क्याऐंशी दिव्यांची परात मी उचलली. यांनी एक बाजू धरली. मी ओवाळलं. आई समोर पाहत होत्या, डोळे कोरडे. लोक खाली माना घालून उभे होते. ड्रोन तेवढा वर घोंघावत होता, त्याला थांबवायचं कोणाला सुचलं नाही.

आज सकाळी साडेसातला मोनाचा फोन. मला वाटलं, सांत्वनाचा असेल. म्हणाली, "आंटी, फुटेज गजब आलंय. दस लाख व्ह्यूज पक्के. टाकू का?" आणि क्लिप पाठवली. मी पाहिली. सुरकुत्यांच्या ओळीवर मी पहिल्या रांगेत मान डोलावत टाळ्या वाजवते आहे, माझ्या कानातले झुमके किती शोभताहेत ते दिसतंय. मी ती क्लिप चार वेळा पाहिली. आणि लाज वाटते लिहायला, पण एकदा मनात आलं की शेवटचं कडवं कापलं तर टाकायला हरकत नाही. हा विचार माझाच होता. कोणी सुचवला नाही.

मोनाला म्हटलं, सगळं पुसून टाक. आरोहीला विचारलं, तू हे तुझ्या ग्रुपवर टाकलंस का? ती म्हणाली, "मम्मी, ते लोकांसाठी नव्हतं. आजी बोली, मला रडायला कोणी जागा नाही दिली, तू गाण्यात दे. बस."

८ डिसेंबर, धारहून परतल्यावर

दहाला निघालो. हे गाडी चालवत होते, आरोही पुढे, मी आणि आई मागे. आईंनी तोच विटका स्वेटर घातला होता आणि मी तो बदला म्हटलं नाही.

घाटाबिल्लोदच्या पुढे मी धीर केला. म्हटलं, "आई, मी चुकले. फोन द्यायला हवा होता. आणि लपवायला नको होतं. तुम्ही मला काय वाटेल ते बोला."

आई म्हणाल्या, "फोनचं मी विसरणार नाही. ते माझ्याबरोबर जाईल. पण लपवलंस, ते समजू शकते. घरात कार्य असलं की माणूस लपवतं. माझ्या सासूने पण लपवलं होतं एकदा."

मला रडू फुटलं. मी त्यांचा मेंदीचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

मग म्हणाल्या, "मला एकच सांग. मंगळवारपासून तू रोज चहा घेऊन यायचीस तेव्हा हसायचीस. अगदी नेहमीसारखं. तसूभर फरक नव्हता गं. मी चार दिवस निरखून पाहत होते, कुठे तरी सापडेल म्हणून. चोवीस वर्षं तू या घरात आहेस. आता मला कळेनासं झालंय, आधीच्यातलं कुठलं हसू खरं होतं."

पुढच्या सीटवर आरोहीने मान वळवली नाही. यांनी गाडीचा वेग कमी केला.

"सगळं खरं होतं, आई," मी म्हटलं.

आणि म्हणताना मी हसले. नेहमीसारखी. मला कळलंच नाही, आईंचा चेहरा पाहून कळलं.

आई दीपेशभाऊजींकडेच राहिल्या आहेत. तेराव्यानंतर परत कधी न्यायला येऊ, असं यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, मी कळवीन.